दोन ओळींची राणी

२००९च्या सुरुवातीला आमच्या घरात एका जर्मन राजाबद्दल रोज बोलणं होऊ लागलं. तो मरून शंभराहून जास्त वर्षं झाली होती आणि त्याचं राज्य आता नकाशावर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याने राज्य केलं आणि तीन लग्नं केली, एवढी ओळख इथे पुरेशी आहे. माझ्या नवऱ्याच्या मुलीने शाळेतल्या इतिहासाच्या प्रकल्पासाठी त्याला निवडलं होतं. शाळेने दिलेल्या यादीत लढाया होत्या, तह होते, क्रांत्या होत्या. शेवटचा विषय होता, कुठल्याही एका युरोपीय राजाचं कौटुंबिक जीवन आणि विवाह. वर्गात तो फक्त तिने घेतला.

"एव्हरीवन इज डूइंग वॉर्स," ती म्हणाली. त्यावर बोलणं संपलं.

ती तेव्हा सोळा वर्षांची होती. ती पाच वर्षांची असताना तिची आई पुण्यात तापाने गेली. दोन वर्षांनी मी तिच्या वडिलांशी लग्न केलं आणि त्याच वर्षी आम्ही तिघं दुबईला आलो. ती मला मावशी म्हणायची. हे तिच्या वडिलांनी आणि मामाने लग्नाच्या आधी ठरवलं होतं. मला किंवा तिला कुणी विचारलं नव्हतं, पण मला ते सोयीचं वाटलं. मावशी कुणालाही म्हणता येतं, पुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही अल कुसैसला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. नवरा जबल अलीतल्या एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होता. कंपनीची बस त्याला सकाळी सहाला घ्यायची. मी एका इंग्रजी वर्तमानपत्रात सब-एडिटर होते. माझी ड्यूटी दुपारी साडेतीनला सुरू व्हायची. काम एकच, दुसऱ्यांनी लिहिलेलं कमी करायचं.

मंदी हा शब्द मी सप्टेंबरपासून रोज मथळ्यांत घालत होते. आमची प्रॉपर्टी पुरवणी मुख्य अंकापेक्षा जाड असायची, ती डिसेंबरपर्यंत आठ पानांवर आली. फेब्रुवारीत मंदी घरात आली. नवरा ज्या प्रकल्पावर होता तो थांबला. नोकरी मेअखेर संपेल, असं पत्र त्याच्या हातात पडलं. तो घरी आला, दारात बूट काढता काढता म्हणाला, "खलास." मग माझ्याकडे बघून, "यल्ला, चल, चहा टाक."

महिन्याभरात त्याला अबू धाबीजवळच्या मुसफ्फाला दुसरी नोकरी मिळाली, जूनपासून. पगार कमी होता आणि राहायला मोहम्मद बिन झायद सिटीत चार इंजिनिअरमध्ये एक व्हिला होता. करारात एक ओळ होती, बॅचलर स्टेटस. म्हणजे कंपनी कुटुंबाचा व्हिसा करू देणार नव्हती.

"दोन लग्नं केलेल्या माणसाला बॅचलर स्टेटस," तो म्हणाला. "बायोडेटात लिहावं म्हणतो."

माझा व्हिसा वर्तमानपत्राचा होता, तो चालू राहणार होता. मुलीचा व्हिसा वडिलांच्या व्हिसावर होता. तो रद्द झाला की तीस दिवस मिळणार होते. तिची परीक्षा त्या तीस दिवसांत संपत होती. त्यानंतर एकतर मी तिला माझ्या व्हिसावर घ्यायचं आणि ती माझ्याजवळ राहायची, नाहीतर ती पुण्याला मामाकडे जायची. तिसरा मार्ग आम्हाला दिसला नाही.

मी कुसैसमधल्या टायपिंग सेंटरमध्ये गेले. तिथला केरळचा माणूस आमच्या घरचे सगळे सरकारी अर्ज नऊ वर्षं टाईप करत होता. त्याने फाईल उघडली, जन्मदाखला पाहिला, परत पाहिला.

"मॅडम, इधर मदर का नाम अलग है."

"स्टेप मदर हूँ."

"अच्छा." त्याने चष्मा वर केला. "इतने साल मेरे को पता नहीं था."

मग त्याने सांगितलं की वडील देशात असताना आईने मुलीला घेणं सहसा होत नाही, सावत्र आईने तर नाहीच. पण विनंती अर्ज करता येईल. वडिलांचं संमतीपत्र, माझं पगारपत्र, पहिल्या बायकोचा मृत्यूचा दाखला, सगळं अरबीत करून. "इन्शाल्ला हो जाएगा. लेकिन बच्ची को पूछो. बड़ी है. उसका मन नहीं होगा तो ये सब काहे को."

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तिलाच ठरवू दे." त्याच संध्याकाळी पुण्याहून मामाचा फोन आला. मामा भला माणूस आहे. तो कधी आवाज चढवत नाही. "वहिनी, तुमच्यावर अविश्वास नाही," तो मला म्हणाला. "पण तुम्ही दुपारी जाणार, मध्यरात्री येणार. पोर घरात एकटी. इथे तिची मामी आहे, तिच्या आईची खोली आहे. पाठवून द्या."

मी म्हणाले, "ती ठरवेल."

मला ती राहायला हवी होती. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. ठरवायचं तिच्यावर सोडलंय म्हटल्यावर माझं मत मध्ये घालणं बरोबर नाही, असं मला वाटलं.

तिच्या आईबाबतचं जे करायचं ते मी दरवर्षी करत होते. पितृपक्षातल्या अविधवा नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. पहिल्या वर्षी सासूबाईंनी फोनवर काय काय लागतं ते सांगितलं. मी ते एका कागदावर लिहून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. खीर, वडे, पुरण, भाज्या, ओटीचं खण-नारळ, साडी मीना बझारमधून. सवाष्ण म्हणून शेजारच्या मराठी बाईंना बोलवायचं. एकेक गोष्ट झाली की पेन्सिलने खूण करायची. पानं पावणेएकला वाढली जायची, म्हणजे मला ऑफिसला वेळेत निघता यायचं. मुलगी शाळेतून आल्यावर उरलेली खीर खायची.

ती चौदा वर्षांची होती तेव्हा त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "मावशी, यू डू इट लाइक अ डेडलाइन."

मला ते कौतुक वाटलं. मी म्हणाले, "नाहीतर होत नाही गं."

राजाचा प्रकल्प तिने मन लावून केला. शाळेच्या लायब्ररीतून एक जाड पुस्तक आणलं होतं, त्यात पत्रांचे उतारे होते. जेवताना ती वडिलांना त्यातलं सांगायची.

"बाबा, थर्ड वाइफला क्वीन म्हणायचंच नाही. ती ॲक्ट्रेस होती ना. सो लग्नात त्याने तिचा हात लेफ्ट हँडमध्ये घेतला. लेफ्ट हँड म्हणजे लग्न झालं, बट शी गेट्स नथिंग. नो टायटल."

"म्हणजे व्हिजिट व्हिसा," बाबा म्हणाला.

ती हसली. घरात त्या दिवसांत ती क्वचित हसायची, म्हणून ते लक्षात आहे.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी, म्हणजे तिथल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवला. "मावशी, फोर थाउजंड टू हंड्रेड झालेत. लिमिट थ्री थाउजंड आहे. तू ऑफिसमध्ये हेच करतेस ना? मला करून दे ना."

नऊ वर्षांत तिने स्वतःचं काही काम मला पहिल्यांदा सांगितलं होतं. शाळेचे फॉर्म, गणवेश, डॉक्टर, हे सगळं मी करत होते, पण ते तिने सांगायच्या आधी होऊन जायचं. मला आनंद झाला आणि हे काम चांगलं करायचं असं मी ठरवलं.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर जसं वाचतात तसं मी वाचलं. एकदा पेन न उचलता, मग पेन घेऊन. बाराशे शब्द काढायचे होते. पहिल्या राणीवर अकराशे शब्द होते. ती अठराव्या वर्षी दुसऱ्या राज्यातून लग्न करून आली. वाड्यातल्या खोल्या तिला फार थंड वाटायच्या. तिने माहेरहून पियानो आणला होता आणि तो चढवताना जिन्याचा कठडा मोडला. मुलगी जेवत नाही, असं ती आईला पत्रात लिहायची. मुलीला तिने जिन्याच्या पायऱ्यांवर आकडे शिकवले. पाचव्या वर्षी, दुसऱ्या बाळंतपणानंतर, ती तापाने गेली. राजाने तिच्या खोल्यांना कुलूप लावलं आणि चार वर्षांची मुलगी त्या दारासमोर जाऊन उभी राहायची, असं एका दाईने पुढे सांगितलेलं होतं.

त्यानंतर सहा पानं दुसऱ्या राणीची होती. ती पहिलीची लांबची बहीण, वयाने मोठी, दिसायला साधी. सव्वीस वर्षं राणी होती. मुलांची शिक्षणं, लग्नं, आजारपणं, राजाचं पिणं, सगळं तिने पाहिलं. वाड्यातले हिशेब, नोकरांच्या वेळा, जेवणाचे प्रकार तिने ठरवून दिले. मग थोडं तिसरीचं, आणि समारोप.

अकराशे आणि बाराशे. डेस्कवर असे आकडे जुळले की माणूस पुढे शोधत नाही. पहिल्या राणीनंतर जे जे घडलं ते सगळं तिच्याशिवाय कळत होतं. मी तो भाग उभी रेघ मारून काढला आणि त्या जागी दोन ओळी लिहिल्या. पहिली राणी लग्नानंतर पाचव्या वर्षी तापाने वारली. तिला दोन मुलं होती. उरलेले शंभर शब्द इकडून तिकडून काढले. चाळीस मिनिटं लागली.

तिने वाचलं. नवरा ओट्याशी पोहे करत होता.

"ओके," ती म्हणाली. पान उलटलं, परत पहिल्या पानावर आली. "शी वॉज देअर फॉर फाइव्ह इयर्स."

"हो. पण पुढे जे घडतं त्यावर तिचा परिणाम होत नाही," मी म्हणाले. "म्हणजे, स्टोरीच्या दृष्टीने."

नवऱ्याने गॅस बारीक केला. "सब-एडिटरच्या तावडीत सापडली बिचारी," तो म्हणाला. मुलीने कागद गोळा केले, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि थँक यू म्हणून ती खोलीत गेली. पोहे तिने नंतर खाल्ले.

मी काय केलं ते मला ऑफिसला जाताना गाडीत कळलं. शारजाच्या बाजूने येणारी गर्दी होती, गाडी बराच वेळ एका जागी होती. पहिली राणी आणि मुलीची आई. पाच वर्षं आणि पाच वर्षं, ताप आणि ताप. मी दुसऱ्या कुणाच्याही मजकुरात हे पाहिलं असतं. घरी जाऊन तिला सांगायचं, की ते सगळं परत घाल, मी चुकले, असं मी ठरवलं. रात्री पोचले तेव्हा ती झोपली होती. शनिवारी सकाळी ती मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली, रविवारी साडेसहाला शाळेला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. वर्तमानपत्रात चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्या पानावर ती दुरुस्त करण्याची जागा ठरलेली असते. घरात तशी जागा नव्हती. आठवडा गेला आणि मग बोलणं जास्तच विचित्र दिसेल असं वाटून मी बोलले नाही.

तीन आठवड्यांनी प्रकल्प तपासून परत आला. तिने तो टेबलावर ठेवला होता, दडवला नव्हता. मार्क उत्तम होते. मी उभ्यानेच वाचला.

पहिल्या राणीचे अकराशे शब्द सगळे जागेवर होते. पियानो, कठडा, पायऱ्या, कुलूप. त्यातला एकही शब्द गेला नव्हता. दुसऱ्या राणीची सहा पानं नव्हती. तिथे दोन वाक्यं होती. दुसरी राणी सव्वीस वर्षं वाड्यात होती. तिने मुलांचं शिक्षण आणि घरची व्यवस्था नीट सांभाळली. तिसरीवरचा भाग जसाच्या तसा होता. शिक्षिकेने समासात पेन्सिलने विचारलं होतं, हिच्याबद्दल अजून काही सांगता आलं असतं का? एकूण शब्द तीन हजारांच्या आत होते. भाषेची चूक एकही नव्हती.

मी तिच्या खोलीच्या दाराशी गेले. ती गणिताचा पेपर सोडवत होती.

"दुसऱ्या राणीचं काढलंस?"

"लिमिट होती ना मावशी." तिने मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता. "समवन हॅड टू गो."

"हो."

"अँड जे लिहिलंय ते खरं आहे. शी डिड मॅनेज एव्हरीथिंग."

"खरं आहे," मी म्हणाले.

त्या वेळी मला म्हणता आलं असतं की तू इथे राहा, मला तू हवी आहेस. वाक्य तयार होतं. ती परीक्षेचा अभ्यास करत होती आणि दोन आठवड्यांनी पहिला पेपर होता, म्हणून मी दार ओढून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी जेवताना वडिलांनी तिला विचारलं. अर्ज करायचा तर आता करायला हवा होता.

"आय'ल गो टू पुणे," ती म्हणाली.

"नक्की? मित्रमैत्रिणी सगळे इथे आहेत तुझे."

"दे आर ऑल लीव्हिंग, बाबा. अर्धा क्लास चाललाय." ते खरं होतं. त्या उन्हाळ्यात तिच्या वर्गातली अर्धी बाकं रिकामी होणार होती. कुणाच्या बापाची नोकरी गेली होती, कुणी कर्ज न फेडताच गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये सोडून गेलं होतं. "आणि मामाकडे आईची रूम आहे. मला ती आठवत नाही नीट. आय वाँट टू."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तीही माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, ती थोडा वेळ थांबली होती.

मी म्हणाले, "मग मार्कशीट अटेस्ट करून घ्यावी लागेल. ट्रान्सफर सर्टिफिकेटसुद्धा. सुट्टीच्या आधी शाळेत जाऊन येते."

"येस," ती म्हणाली. "आय नो यू विल."

त्या राजाच्या कागदावरून तिने हे ठरवलं, असं मी लिहिणार नाही. तसं लिहायला पुरावा लागतो आणि तिला मी कधी विचारलं नाही. मामाच्या घरी तिची आई वाढली होती, ते कारण एकटंच पुरेसं असू शकतं. पण सकाळी त्या टेबलाशी बसून चाळीस मिनिटं मी जे केलं ते तिने पाहिलं होतं, आणि नंतर मी काही बोलले नाही हेही पाहिलं होतं. एवढं नोंदवता येतं.

मेअखेर नवऱ्याने मुसफ्फाला जायची तयारी केली. व्हिलातल्या खोलीचा फोटो त्याने मोबाईलवर दाखवला. दोन पलंग, एक कपाट, भिंतीवर आधीच्या माणसाने लावलेलं कॅलेंडर. मुलीच्या पासपोर्टवर व्हिसा रद्द झाल्याचा शिक्का बसला. तिने तो उजेडात धरून बघितला. "कॅन्सल्ड," ती म्हणाली. "लाइक अ चेक."

शेवटचा पेपर झाल्यावर चौथ्या दिवशी ती गेली. विमानतळावर सामानाच्या रांगेत तिने बाबाला वाकून नमस्कार केला, मग मला केला. मागची ट्रॉली माझ्या घोट्यावर आदळली. ती माणसं सॉरी म्हणत राहिली आणि आम्ही नाही नाही म्हणत राहिलो, त्यात तो क्षण गेला. तिने माझ्या खांद्याला हात लावला. "बाबा फ्रायडेला येईल ना तुझ्याकडे? त्याला नुसतं मॅगी खाऊ देऊ नकोस."

"नाही देत."

"ओके. बाय, मावशी."

काचेपलीकडे ती दिसत होती तोवर नवरा हात हलवत होता. ती वळली नाही. तिच्या हातात पासपोर्ट, बोर्डिंग पास, पाण्याची बाटली आणि पाठीवर बॅग होती, आणि रांग पुढे सरकत होती.

फ्लॅट आम्ही जूनअखेर सोडला. मी ऑफिसमधल्या एका बाईबरोबर कुसैसमध्येच एक खोली घेतली. नवरा शुक्रवारी अबू धाबीहून यायचा तेव्हा ती बाई तिच्या भावाकडे जायची. आम्ही दोघं खालच्या केरळी हॉटेलात जेवायचो.

जुलैत मामाचा फोन आला. कॉलेजला वडिलांचं पत्र हवं होतं. वडील परदेशात असल्यामुळे मुलीची जबाबदारी मामाकडे दिली आहे, तिच्या संदर्भातले निर्णय तो घेईल आणि तिचा पत्ता हाच समजावा, अशा अर्थाचं. घरातली सगळी पत्रं मीच लिहायचे, तेव्हा हेही माझ्याकडे आलं.

शुक्रवारी नवरा पलंगावर बसला होता. मी लॅपटॉपवर लिहीत होते. तीन परिच्छेद झाले. वडिलांचं नाव, आईचं नाव आणि तिच्यापुढे कैलासवासी, मामाचं नाव आणि नातं, पुण्याचा पत्ता. मी त्याला वाचून दाखवलं.

"तुझंही घालायचं का कुठे?" त्याने विचारलं.

"कशासाठी?"

तो वाकून स्क्रीनवरची नावं वाचू लागला. खाली हॉटेलची बाकं फरशीवर ओढली जात होती, शुक्रवारची नमाज सुटली होती.

"कॉलेजला लागत नाही ते," मी म्हणाले.

त्याने सही केली. रविवारी ऑफिसात मी पत्र स्कॅन करून मामाला पाठवलं आणि मूळ प्रत कुरिअरने. मामाने तासाभरात उत्तर दिलं, मिळालं, एकदम व्यवस्थित आहे. खाली मुलीने एक ओळ जोडली होती, थँक्स, मावशी, आता ॲडमिशन होईल.

मी ते नवऱ्याला फॉरवर्ड केलं. तेवढ्यात पहिल्या पानाची मीटिंग सुरू होत होती, मी वही घेऊन आत गेले.